ॲव्हरेज किती देते?

मंडळी, आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात पडायच्या आत एक प्रश्न येतोच. "ॲव्हरेज किती देते?" बाकी जग याला मायलेज म्हणतं, आपण मराठी माणसं मात्र ॲव्हरेजच म्हणतो. म्हणजे सरासरी. घाटातलं, गावातलं, हायवेचं सगळं धरून लिटरमागे किती किलोमीटर पडले, ते. मला विचाराल तर आपला शब्द जास्त प्रामाणिक आहे. आकडा सरासरीचा आहे, एवढं तरी तो कबूल करतो.

पण सरासरीचं काय होतं, ते आपल्याला लहानपणीच सांगितलेलं असतं. एक हिशेबी गृहस्थ बायकामुलांसह नदीकाठी येतात. काठी घालून चार ठिकाणी खोली मोजतात, बेरीज करून भागाकार करतात, "सरासरी गुडघाभर पाणी आहे, चला" म्हणतात. मधल्या डोहात पोरं गटांगळ्या खाऊ लागल्यावर पुन्हा हिशेब तपासतात, तर हिशेब अगदी बरोबर! ही गोष्ट मी शाळेत वर्गावर कितीदा सांगितली असेल त्याला गणती नाही. आज पुन्हा सांगावीशी वाटली, त्याला कारण एक गाडी. प्लग-इन हायब्रीड गाडी.

आता मोटारीतलं मला ओ की ठो कळत नाही. आयुष्यभर शिकवला तो इतिहास आणि नागरिकशास्त्र. पण माझा भाचा नेदरलँड्समध्ये असतो, त्याच्या कंपनीच्या गाडीची मुदत संपत आली आहे. फोनवर म्हणाला, "मावशी, प्लग-इन घ्यावी की पूर्ण विजेवरची? माहितीपत्रकात तर लिहिलंय की प्लग-इन शंभर किलोमीटरला दोन लिटरसुद्धा पेट्रोल खात नाही." म्हणजे लिटरला पन्नासच्या वर! आमच्या यजमानांच्या स्कूटरने सुद्धा कधी एवढं दिलं नव्हतं. म्हटलं, गाडी कळत नसली तरी चालेल, आकडा कुठून आला ते शोधू. आकड्यांनाही इतिहास असतोच की.

तर आधी ही गाडी म्हणजे काय ते थोडक्यात. साध्या हायब्रीडमध्ये पेट्रोल इंजिन असतं आणि सोबत छोटी बॅटरी आणि मोटर. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवायची, पुन्हा वापरायची. पण वीज शेवटी येते ती पेट्रोलमधूनच. प्लग-इनमध्ये बॅटरी जरा मोठी असते आणि ती भिंतीवरच्या प्लगला लावून चार्ज करता येते. एकदा भरली की मॉडेलप्रमाणे चाळीस, पन्नास, हल्ली त्याहून जास्त किलोमीटर विजेवर जाते. संपली की पेट्रोल आहेच. रोजची ये-जा विजेवर, लांबचा प्रवास पेट्रोलवर, वाटेत चार्जर शोधायची धास्ती नाही. कल्पना किती सुंदर! एका दगडात दोन पक्षी.

आणि कल्पना नवी तर मुळीच नाही. १९०० च्या सुमारास व्हिएन्नात लोनर यांच्या कारखान्यात फर्डिनांड पोर्श नावाचा पंचविशीतला तरुण काम करत होता. हो, तेच ते पोर्श, पुढे ज्यांच्या नावाच्या गाड्या निघाल्या. त्याने चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटारी बसवल्या, आणि बॅटरी भरत राहावी म्हणून सोबत पेट्रोल इंजिन दिलं. गाडीचं नाव लॅटिनमध्ये 'सेंपर विवुस', म्हणजे सदैव जिवंत. वाटेत बॅटरी मरणार नाही, असं आश्वासनच नावात! पुढे १९१७ मध्ये शिकागोच्या वुड्स कंपनीने 'ड्युअल पॉवर' नावाची वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी विकायला काढली. पण तोवर फोर्डची स्वस्त मॉडेल टी घरोघर गेली होती, हँडल मारून इंजिन सुरू करण्याची कटकट सेल्फ स्टार्टरने संपवली होती आणि पेट्रोल मुबलक होतं. दोन यंत्रांचा खर्च कोण करणार? वुड्सची गाडी चालली नाही.

त्यानंतर अर्धशतक सामसूम. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. माझ्या पिढीला तो काळ आठवत असेल, आपल्याकडेही रॉकेलपासून सगळ्याचे भाव कडाडले होते. त्याच सुमारास व्हिक्टर वूक नावाच्या इंजिनियरने ब्यूक स्कायलार्क गाडीचं हायब्रीड करून दाखवलं. (कादंबरीकार हर्मन वूक यांचे हे भाऊ.) १९७४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, ती गाडी तपासली. तेल तर कमी जळत होतंच, धूरही कमी होता. पण संस्थेच्या अधिकाऱ्यांना या वाटेत राम दिसला नाही आणि १९७६ पर्यंत ती योजनाच गुंडाळली गेली. कॅलिफोर्नियात डेव्हिस विद्यापीठाचे प्राध्यापक अँड्र्यू फ्रँक मात्र विद्यार्थ्यांना हाताशी धरून प्लगवाल्या हायब्रीड बांधत राहिले. प्लग-इन हायब्रीडचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतात.

डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानमध्ये प्रियस आणली. ती प्लगशिवाय चालते, याचीच तेव्हा जाहिरात होती. पण हौसेला मोल नाही. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात फेलिक्स क्रेमर यांच्या कॅलकार्स या स्वयंसेवी गटातल्या मंडळींनी गॅरेजमध्ये प्रियसला जास्तीच्या बॅटऱ्या आणि प्लग जोडून दाखवला. कंपनी नको म्हणत असताना गिऱ्हाईकांनी केलेली ही दुरुस्ती! मग मोठे कारखानेही उतरले. डिसेंबर २००८ मध्ये चीनच्या बीवायडीने एफ३डीएम आणली, आणि डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सची शेव्हरोले व्होल्ट आली.

आपल्या गोष्टीतला हिशेबी माणूस इथे प्रवेश करतो.

व्होल्ट बाजारात यायच्या आधी, ऑगस्ट २००९ मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केलं की ही गाडी शहरात गॅलनला २३० मैल देईल. आपल्या हिशेबात लिटरला जवळजवळ ९८ किलोमीटर. हा आकडा ईपीएच्या एका कच्च्या मसुद्यातल्या पद्धतीने काढलेला होता. प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी ईपीएने जी चिठ्ठी लावली, तिच्यावर लिहिलं होतं: विजेवर ३५ मैल, त्यानंतर पेट्रोलवर गॅलनला ३७ मैल, आणि विजेचाही हिशेब पेट्रोलमध्ये धरून दोन्ही मिळून ६०. कुठे २३० आणि कुठे ३७! गाडी तीच. रोज ती किती चालेल आणि किती वेळा चार्ज होईल, हे जसं धराल तसा आकडा बदलतो.

या गाडीची खरी मेख इथेच आहे. साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज चालवणाऱ्यावर थोडंफार अवलंबून असतं. कुणाला पंधरा मिळतं, कुणाला तेरा. प्लग-इनचं ॲव्हरेज चालवणाऱ्यावर जवळजवळ पूर्णपणे अवलंबून असतं. रोज चार्ज केली आणि तीसच किलोमीटर चालवली, तर पेट्रोल जवळपास शून्य. कधीच चार्ज केली नाही, तर ती एक जड पेट्रोल गाडी. व्होल्टची बॅटरीच १९० किलोच्या वर होती. म्हणजे तीन धडधाकट पाहुणे कायमचे डिकीत बसवून हिंडल्यासारखं.

मग सरकारी चिठ्ठीवर कोणता आकडा छापायचा? युरोपने त्यासाठी एक सूत्र केलं होतं. मी ते वहीत मांडून पाहिलं, आणि खरं सांगते, पहिल्यांदा हसूच आलं. सूत्र असं: गाडी पूर्ण भरलेल्या बॅटरीवर जितकं अंतर जाते तितकं जाईल. त्यापुढे पेट्रोलवर २५ किलोमीटर जाईल. मग मालक तिला पुन्हा प्लगला लावेल. सगळ्या गाड्या, सगळे मालक, हाच २५ चा आकडा.

उदाहरण घेऊ. मित्सुबिशीच्या आउटलँडर प्लग-इनचा विजेवरचा पल्ला ५२ किलोमीटर धरला होता आणि नंतर ती शंभर किलोमीटरला सुमारे ५.८ लिटर पेट्रोल घेत असे. म्हणजे पहिल्या ५२ किलोमीटरला पेट्रोल शून्य, पुढच्या २५ ला साधारण १.४५ लिटर. एकूण ७७ किलोमीटरला १.४५ लिटर. शंभराला किती? सातवीतली पोरं सांगतील, १.९ लिटर. माहितीपत्रकावर हेच छापलं गेलं आणि कर्बवायू किलोमीटरला फक्त ४४ ग्रॅम. भागाकारात तसूभर चूक नाही. पण रोज पेट्रोलवर २५ च किलोमीटर जातील, हे सांगितलं कुणी? शिवाय वीज बनवताना कुठेतरी जो धूर निघतो, तो या हिशेबात शून्य. मोजतात ते फक्त गाडीच्या नळकांड्यातून निघेल तेवढंच.

आता हा आकडा नुसता माहितीपत्रकात राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याच्यावर कर बसू लागला, आणि तिथून सगळं फिरलं. भाचा राहतो त्या नेदरलँड्सचंच घ्या. तिथे कंपनीने दिलेली गाडी खासगी कामाला वापरली, तर तिच्या किमतीचा काही भाग तुमच्या उत्पन्नात धरून त्यावर कर लावतात. तो भाग सर्वसाधारणपणे २५ टक्के होता. पण २०१२ आणि २०१३ मध्ये घेतलेल्या, ५० ग्रॅमच्या आतल्या गाड्यांना तो शून्य ठेवला, तोही पाच वर्षं. आणि आउटलँडर ४४ ग्रॅम! २०१३ च्या अखेरीस सवलत संपणार म्हटल्यावर एवढी झुंबड उडाली, की डिसेंबरमध्ये आउटलँडर हीच त्या देशातली सर्वांत जास्त खपाची गाडी ठरली. एवढी मोठी, महागडी गाडी!

आता गंमत पाहा. कंपनीच्या गाडीसोबत इंधनाचं कार्डही कंपनीच देते. पेट्रोल भरलं तर पैसे कंपनीचे. घरी प्लगला लावली तर विजेचं बिल बऱ्याचदा आपलं. शिवाय पावसात केबल ओढत जा, ती हात काळे करून पुन्हा गुंडाळून ठेवा. माणूस कुठे जाईल? पंपावरच जाईल. यात डच माणूस वाईट आणि आपण चांगले असं काही नाही. आपल्याकडेही साहेबांच्या गाडीचं ॲव्हरेज साहेब कधी विचारत नाहीत. तिथल्या टीएनओ या संशोधन संस्थेने इंधन कार्डांच्या नोंदींवरून पाहिलं, तेव्हा रस्त्यावरचा पेट्रोलचा खप माहितीपत्रकाच्या कितीतरी पट निघाला. सरकारने हळूहळू सवलत काढली आणि २०१७ पासून नव्या प्लग-इनना बाकीच्यांसारखे २२ टक्के लावले. लगेच त्यांची विक्री कोसळली. गाडी कशासाठी घेतली जात होती, ते यावरून कळतं.

ब्रिटनमध्ये तर केबलचीच गोष्ट झाली. २०१८ मध्ये कंपन्यांच्या गाड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या माइल्स कन्सल्टन्सीने सांगितलं, की परत आलेल्या काही प्लग-इन गाड्यांच्या डिकीत चार्जिंगची केबल प्लास्टिकच्या वेष्टनात जशीच्या तशी निघाली. उघडलेलीच नव्हती! त्यांच्या नोंदीत सुमारे दीड हजार गाड्यांना गॅलनला ४० मैलांहून थोडं कमीच मिळत होतं, माहितीपत्रकात मात्र सरासरी १३० च्या आसपास. आपल्या मापात, लिटरला ४६ सांगितलं आणि १४ मिळालं. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने या गाड्यांना दिलं जाणारं खरेदी अनुदान बंद केलं.

तोवर हे सगळं तुकड्यातुकड्यांतलं होतं. २०२० मध्ये आयसीसीटी ही संस्था आणि जर्मनीची फ्राउनहोफर संस्था यांनी युरोप, अमेरिका आणि चीनमधल्या सुमारे एक लाख गाड्यांची माहिती एकत्र केली. रस्त्यावरचा इंधनाचा खप अधिकृत आकड्याच्या दुप्पट ते चौपट निघाला. अधिकृत हिशेबात खासगी मालक ६९ टक्के अंतर विजेवर जातात असं धरलेलं, प्रत्यक्षात ३७. कंपनीच्या गाड्यांचं ६३ टक्के धरलेलं, प्रत्यक्षात २०. २०२२ मध्ये त्यांनीच युरोपातल्या सुमारे नऊ हजार गाड्या पाहिल्या. कागदावर शंभर किलोमीटरला दीड-पावणेदोन लिटर, खासगी मालकांचा खप चार लिटरच्या थोडा वर, आणि कंपनीच्या गाड्यांचा साडेसात ते साडेआठ लिटर.

कुणी म्हणेल, संस्था काय, हवं ते सांगतात. म्हणून पुढची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. २०२१ पासून युरोपात नोंद होणाऱ्या नव्या गाड्यांत इंधन मोजणारं यंत्र आतच बसवणं बंधनकारक झालं. गाडीने जन्मभर किती पेट्रोल प्यायलं, याची वही गाडीच लिहिणार. मार्च २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने अशा सुमारे सहा लाख गाड्यांचा हिशेब जाहीर केला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या कागदापेक्षा साधारण २० टक्के जास्त धूर सोडत होत्या. ते आपण समजू शकतो, इथेही एआरएआयचा आकडा आणि आपला आकडा कधी जुळतो? पण प्लग-इन गाड्या सोडत होत्या कागदाच्या साडेतीनपट! चार्ज न करणं हे एक कारण. दुसरं असं, की विजेवर चालत असतानाही जोरात ॲक्सिलरेटर दाबला, चढ आला, कडाक्याच्या थंडीत हीटर लावला, की पुष्कळ मॉडेलांत इंजिन हळूच सुरू होतं. आणि तिसरं, लांबच्या हमरस्त्यावर पन्नास किलोमीटरची बॅटरी अर्ध्या तासात संपते. मग उरतं ते दोन यंत्रांचं ओझं.

पण इथे थांबून एकतर्फी निकाल देणं मास्तरकीला शोभणार नाही. मघाच्या व्होल्टचं पुढे काय झालं पाहा. अमेरिकेत आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने शेकडो व्होल्ट मालकांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. या लोकांनी स्वतःच्या पैशाने गाडी घेतलेली, घरी चार्जर बसवलेला, पेट्रोल आपल्याच खिशातलं. त्यांनी चारातले जवळजवळ तीन मैल विजेवर काढले. वर्षभरात विजेवर जितकं अंतर पूर्ण विजेच्या निसान लीफवाले जात, जवळपास तितकंच हे जात. काहींचं पेट्रोल तर टाकीत इतकं पडून राही, की ते शिळं होऊ नये म्हणून गाडी आपणहून इंजिन सुरू करून जुनं पेट्रोल जाळून टाकी. म्हणजे यंत्र खोटारडं नाही. ज्याच्या घरी प्लग आहे आणि पेट्रोलचा चटका ज्याला बसतो, त्याच्या हाती ही गाडी खरोखरच गुणाची आहे.

पर्यावरणाचा हिशेब मात्र यापुढेही जातो. वीज कशाची, हा पहिला प्रश्न. नॉर्वेत ती बहुतेक सगळी धबधब्यांची. आपल्याकडे अजून बहुतांश कोळशाची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार आपल्या देशात एक युनिट वीज बनवताना सरासरी ०.७ किलोपेक्षा थोडा जास्त कर्बवायू निघतो. मोठी प्लग-इन शंभर किलोमीटरला वीसेक युनिट घेते असं धरलं, तर किलोमीटरला साधारण १४५ ग्रॅम झाले, तेही तारांतली गळती न धरता. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कर्बवायू होतो. म्हणजे लिटरला दहा-अकरा देणारी तशीच अवजड पेट्रोल गाडी किलोमीटरला दोनशेच्या वर जाते, पण लिटरला वीस देणारी लहानशी साधी हायब्रीड ११५ वरच राहते. (यातही विहिरीतून तेल काढण्या-शुद्ध करण्याचा हिशेब धरलेला नाही, हे लक्षात ठेवा.) थोडक्यात, आपल्या आजच्या विजेवर अवजड प्लग-इन ही अवजड पेट्रोल गाडीपेक्षा बरी, पण लहान गाडीपुढे तिची मात्रा चालत नाही. वीज स्वच्छ होत जाईल तसा हा हिशेब बदलेल. धूर शहरात न होता दूर होतो, हा फायदा आजही आहे.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. टोयोटाचं म्हणणं असं, की लांब पल्ल्याच्या एका विजेच्या गाडीला जितकी खनिजं लागतात तितक्यात सहा प्लग-इन किंवा नव्वद साध्या हायब्रीड होतात. खनिजं दुर्मीळ, तेव्हा ती वाटून घ्यावीत. युक्तिवाद वजनदार आहे. पण त्या सहा जणांनी रोज प्लग लावला पाहिजे, ही अट त्यात गृहीत आहे. आणि गृहीत धरलेल्या गोष्टींनी काय केलं, ते आपण आतापर्यंत पाहिलंच.

आता युरोप सूत्रच बदलतो आहे. ६० किलोमीटर पल्ल्याच्या गाडीचा विजेवरचा हिस्सा पूर्वी ऐंशी टक्क्यांच्या वर धरत. २०२५ पासून नव्या मॉडेलांना, आणि २०२६ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना, तो निम्म्याच्या आसपास धरायचा नियम झाला, आणि २०२७-२८ ला तो एक तृतीयांशापर्यंत खाली आणायचं ठरलं. मला आपल्या दहावीची आठवण झाली. २०१९ मध्ये भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले वीस गुण बोर्डाने काढले, आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. पोरं एका वर्षात ढ झाली नव्हती. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल पंचाण्णवच्या वर गेला. तेव्हाही पोरं काही एका वर्षात बृहस्पती झाली नव्हती. प्लग-इनचेही असेच हातातले गुण कमी केले आहेत. गाडी होती तिथेच आहे. साहजिकच जर्मन वाहन उद्योग यावर नाराज आहे आणि दुसरी पायरी नको म्हणतो आहे.

इतर देशांनीही आपापल्या परीने हात आखडते घेतले. जर्मनीने या गाड्यांचं अनुदान २०२२ च्या अखेरीस थांबवलं. शांघाय शहरात गाडीची नंबरप्लेट लिलावात हजारो युआन मोजून घ्यावी लागते. तिथे प्लग-इनवाल्यांना ती फुकट मिळे, ते १ जानेवारी २०२३ पासून बंद झालं. पण डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने २०३५ नंतरही काही प्रमाणात प्लग-इनना वाट मोकळी ठेवणारा प्रस्ताव मांडला. म्हणजे हा वाद संपलेला नाही. या गाड्या कागदावर किती धूर सोडतात, यावर कुणाला दंड, कुणाला सवलत आणि हवेत किती कर्बवायू, हे पुढची कितीतरी वर्षं ठरणार आहे.

आपण भारतातले लोक म्हणू, आपल्याला काय त्याचं, आपल्याकडे प्लग-इन रस्त्यावर दिसतात कुठे? खरं आहे, मूठभर महागड्या गाड्या सोडल्या तर नाहीतच. पण कागद आणि रस्ता यांची फारकत आपणही अनुभवली आहे. एप्रिल २०१५ मध्ये केंद्राची फेम योजना आली. विजेच्या वाहनांना उत्तेजन द्यायचं हा हेतू. त्यात ज्यांना माइल्ड हायब्रीड म्हणतात, अशा गाड्यांनाही अनुदान होतं. त्या नुसत्या विजेवर चालूच शकत नाहीत, मोटर इंजिनाला जरा हात देते इतकंच. मारुतीच्या सियाझच्या तसल्या मॉडेलला १३,००० रुपये मिळत. दोन वर्षांनी, १ एप्रिल २०१७ पासून सरकारने माइल्ड हायब्रीडना त्यातून वगळलं. नाव विजेचं, काम पेट्रोलचं, हे लक्षात यायला आपल्यालाही दोन वर्षं लागलीच.

म्हणून उद्या आपल्याकडे प्लग-इन आल्या, त्यांना सवलती द्यायची चर्चा सुरू झाली, तर नागरिक म्हणून आपण एवढं तरी विचारावं की सवलत कशाला? प्लग असण्याला, की प्लग वापरण्याला? गाडीच्या पोटात इंधनाची वही लिहिली जाऊ शकते, हे आता सिद्ध झालं आहे. ती वही पाहून सवलत द्यायला काय हरकत? आणि आमच्यासारख्या जुन्या सोसायट्यांत पार्किंगमध्ये एक पॉइंट बसवायचा म्हटलं तर तीन सभा होतात, त्याचंही काही पाहावं लागेल. प्लगशिवाय प्लग-इन म्हणजे विहिरीशिवाय मोट.

भाच्याला मी तीनच प्रश्न विचारले. गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे प्लग आहे का? पेट्रोल कुणाच्या पैशाचं? आणि रोज जाणं-येणं किती? त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गाडी रस्त्यावर, पेट्रोल कंपनीचं, ऑफिस ६५ किलोमीटरवर. म्हणजे जाऊन-येऊन १३०. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे मावशी, माझ्याकडे ती केबल पिशवीतच राहील." मी म्हटलं, "राहील असं मी म्हणत नाही, तुझं तू बघ." आता तो रस्त्याच्या कडेला चार्जर मिळावा म्हणून नगरपालिकेकडे अर्ज करणार आहे. तिथे तशी सोय आहे म्हणे. तो मिळाला तर पूर्ण विजेवरची घेईन, नाही तर लहानशी साधी हायब्रीड, असं सध्या तरी ठरलंय.

असो. विषय जरा रुक्ष झाला असेल, पण घरात गाडी घ्यायचं चाललं असेल तर वरचे तीन प्रश्न अवश्य विचारा. मग ॲव्हरेजचा आकडा कुणी सांगितला नाही तरी तुमचा तुम्हाला काढता येईल.